खेळाडूंना आहाराचे किती कळते, हे नीट कसे मोजावे

संघाला एक प्रश्नावली द्यायची, सरासरी टक्केवारी काढायची आणि ती कमी आली की पोषणावर एक व्याख्यान ठेवायचे. खेळाडूंचे आहारज्ञान मोजण्याचे काम बहुतेक ठिकाणी असे उरकले जाते. त्या व्याख्यानात नेमके काय सांगायचे, हे मात्र टक्केवारीतून कळत नाही. एखाद्या खेळाडूला गोष्ट ठाऊकच नसते, दुसऱ्याला ती चुकीची ठाऊक असते आणि तिसऱ्याला बरोबर ठाऊक असूनही ताटात उतरत नाही. तिघांवरचे उपाय वेगळे आहेत, म्हणून मोजणीही अशी हवी की हे तिघे वेगवेगळे दिसतील. पुढची पद्धत त्यासाठीच मांडली आहे. संघाचे आहारतज्ज्ञ, प्रशिक्षक, क्रीडाविज्ञानाचे विद्यार्थी यांपैकी कोणालाही ती वापरता येईल. आकडेमोड साध्या स्प्रेडशीटवर होते.

निकालावरून काय ठरवणार, ते आधी लिहून ठेवा

प्रश्न जमवायला बसण्याआधी कागदावर एक वाक्य लिहा: ‘या निकालावरून आम्ही अमुक ठरवणार आहोत.’ वाक्य पूर्ण होत नसेल तर चाचणी घेण्याची वेळ अजून आलेली नाही.

गटाला काय शिकवायचे एवढेच ठरवायचे असेल तर २० ते २५ प्रश्न पुरतात. एकेका खेळाडूला स्वतंत्र सल्ला द्यायचा असेल तर निदान ४० प्रश्न लागतात, कारण थोड्या प्रश्नांवर एका माणसाचे गुण नशिबानेही बरेच वर-खाली होतात. शिकवण्याआधी आणि नंतर तुलना करायची असेल तर चाचणीची विश्वासार्हता (म्हणजे ज्ञान बदललेले नसताना पुन्हा घेतली तर गुण जवळपास तेवढेच येतात का) आधी तपासलेली असलीच पाहिजे, नाहीतर फरक शिकवण्यामुळे पडला की मोजमापाच्या चुकीमुळे, हे सांगता येत नाही.

एक गोष्ट निक्षून पाळा. या गुणांचा संघनिवडीशी संबंध जोडू नका, आणि तो जोडलेला नाही हे खेळाडूंना स्पष्ट सांगा. निवड गुणांवर अवलंबून आहे असा नुसता संशय आला तरी कोणी ‘माहीत नाही’ म्हणणार नाही, सगळे अंदाज ठोकतील, आणि तुमच्या हाती उरेल ती पाठांतराची परीक्षा.

तयार प्रश्नावली घ्यावी की स्वतः करावी

सर्वसाधारण पोषणज्ञानासाठी १९९९ मध्ये ब्रिटनमध्ये तयार झालेली आणि २०१६ मध्ये सुधारलेली प्रश्नावली जगभर वापरली जाते. खेळाडूंसाठी २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियात तयार झालेली ‘एनएसकेक्यू’ (न्यूट्रिशन फॉर स्पोर्ट नॉलेज क्वेश्चनेअर) ही प्रश्नावली अधिक उपयोगी. तिच्यात ८९ प्रश्न आहेत आणि वजननियंत्रण, मुख्य अन्नघटक, सूक्ष्म अन्नघटक, खेळाचा आहार, सप्लिमेंट आणि मद्य असे सहा विभाग आहेत. खेळाडू एवढ्या लांब प्रश्नावलीला कंटाळतात, म्हणून पुढे तिची छोटी आवृत्तीही निघाली.

तयार साधन घेतल्याने इतर गटांशी तुलना करता येते. ते वापरण्याआधी कर्त्यांची परवानगी घ्या. त्यातले पदार्थ तुमचे खेळाडू खातात का, हे प्रश्नागणिक पाहा. जो पदार्थ खेळाडूने कधी पाहिलाच नाही, त्यातल्या प्रथिनांविषयी विचारले तर त्याचे ज्ञान मोजले जात नाही, फक्त त्या पदार्थाशी ओळख मोजली जाते. पदार्थ बदलणे, विभाग गाळणे, भाषांतर करणे यांपैकी काहीही केले की मूळ प्रश्नावलीची छापलेली विश्वासार्हता तुमच्या आवृत्तीला लागू होत नाही. ती नव्याने तपासावी लागते.

भाषांतर दोघांनी स्वतंत्रपणे करावे, मग बसून दोन्हींचे एक करावे. नंतर मूळ प्रश्न न पाहिलेल्या तिसऱ्या माणसाकडून उलटे भाषांतर करून घ्यावे आणि ते मुळाशी ताडून पाहावे. एवढ्यावर विसंबू मात्र नका. शब्दाला शब्द ठेवलेले भाषांतर उलटे करताना हुबेहूब मूळपदावर येते आणि तरीही खेळाडूला ओ की ठो कळत नाही. ते पकडण्याची जागा पुढे येईल.

आराखडा

कोणत्या विषयाला किती प्रश्न, हे आधी ठरवले नाही तर जे सुचायला सोपे तेच प्रश्न जास्त होतात. जीवनसत्त्वांवर बारा आणि पाण्यावर एक, अशी प्रश्नावली मग तयार होते. लांब पल्ल्याच्या धावपटूंसाठी ४० प्रश्नांची वाटणी साधारण अशी ठेवता येते:

- कर्बोदके (दैनंदिन गरज, सरावाआधी, सरावात, सरावानंतर): ८
- ऊर्जेची गरज, वजन आणि कमी खाण्याचे परिणाम: ७
- प्रथिने: ६
- लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व: ५
- पाणी आणि सोडियम: ५
- सप्लिमेंट आणि प्रतिबंधित पदार्थ: ५
- स्निग्ध पदार्थ: २
- पाकिटावरचे लेबल वाचणे: २

वजनगटात खेळणाऱ्यांसाठी वजन आणि पाण्याचा वाटा वाढवा आणि कर्बोदकांचा कमी करा. खेळ बदलला की आराखडा बदलायलाच हवा.

आडव्या बाजूने आणखी एक वाटणी करा: निव्वळ माहिती विचारणारे प्रश्न १०, प्रमाण किंवा पदार्थ ओळखायला लावणारे १५ आणि प्रसंग देऊन निर्णय विचारणारे १५. खेळाडूला मैदानावर उपयोगी पडते ते शेवटच्या दोन प्रकारांतले ज्ञान. ‘कर्बोदकांतून ऊर्जा मिळते’ हे जवळजवळ सगळ्यांना येते. दोन सरावांमध्ये चार तास असताना काय आणि किती खावे, हे विचारले की फरक दिसू लागतो.

प्रश्न लिहिणे

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. एक वाईट प्रश्न घेऊन तो दुरुस्त करू.

‘जास्त प्रथिने खाल्ल्याने स्नायू वाढतात. बरोबर की चूक?’

यात तीन दोष आहेत. ‘जास्त’ म्हणजे कशापेक्षा, ते दिलेले नाही. उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे: गरजेपेक्षा कमी खाणाऱ्याला थोडी वाढ उपयोगी पडते, पुरेसे खाणाऱ्याला पडत नाही, आणि व्यायामाचा ताण नसेल तर नुसत्या प्रथिनांनी स्नायू बनत नाहीत. त्यामुळे जाणकार खेळाडू अडखळतो आणि ठोकताळ्याने चालणारा झटकन उत्तर देतो. शिवाय बरोबर-चूक प्रकारात डोळे मिटून उत्तर दिले तरी निम्म्या वेळा बरोबर येते. ४० प्रश्नांत २० गुण फुकट.

सुधारलेला प्रश्न असा:

‘७० किलो वजनाचा खेळाडू आठवड्यातून चार दिवस वजनांचा व्यायाम करतो. त्याला दिवसभरात सुमारे किती प्रथिने पुरेशी आहेत? (अ) २५ ते ४० ग्रॅम (आ) ८५ ते १४० ग्रॅम (इ) २०० ते २५० ग्रॅम (ई) ३०० ग्रॅमच्या वर (उ) माहीत नाही’

बरोबर उत्तर ‘आ’, कारण खेळाडूंसाठी मान्य मर्यादा किलोमागे १.२ ते २.० ग्रॅम, म्हणजे ७० किलोला ८४ ते १४० ग्रॅम. पर्यायांमध्ये मोठे अंतर मुद्दाम ठेवले आहे. ११० आणि १२० यांतला फरक विचारला असता तर पाठांतर मोजले गेले असते. प्रत्येक चुकीच्या पर्यायामागे एक खरा गैरसमजही आहे: ‘अ’ निवडणारा गरज फार कमी समजतो, ‘इ’ आणि ‘ई’ निवडणारे ‘जितके जास्त तितके चांगले’ मानतात. कोणीच निवडणार नाही असा पर्याय म्हणजे वाया गेलेली ओळ. खेळाडूंशी आधी गप्पा मारून त्यांच्याच तोंडचे गैरसमज पर्यायांत घाला, हा चुकीचे पर्याय बनवण्याचा सगळ्यात भरवशाचा मार्ग.

त्याला जोडून पदार्थाचा प्रश्न हवाच, कारण ग्रॅम कोणी खात नाही. ‘खालीलपैकी कशातून सुमारे २० ग्रॅम प्रथिने मिळतात: एक केळे, तीन मोठी अंडी, १०० ग्रॅम शिजवलेला भात, १०० मिलिलीटर दूध?’ मोठ्या अंड्यात साधारण ६ ग्रॅम, दुधात १०० मिलिलीटरला ३ ते ३.५ ग्रॅम, भातात दोन-अडीच ग्रॅम आणि केळ्यात जेमतेम एक ग्रॅम. आकडा येतो पण पदार्थ येत नाही, असे खेळाडू इथे लगेच वेगळे पडतात.

आता पाण्याचा एक प्रसंग. ‘सरावाआधी वजन ६२.० किलो, सरावानंतर ६०.८ किलो. सरावात अर्धा लिटर पाणी प्यायले, लघवीला गेले नाही. एकूण घाम किती गेला?’ वजनातली घट १.२ किलो, त्यात प्यायलेले ०.५ लिटर मिळवायचे, म्हणून १.७ लिटर. जे १.२ लिहितात त्यांना वजनाचा अर्थ कळतो पण प्यायलेले पाणी मोजायचे राहते. जे ०.७ लिहितात ते बेरजेऐवजी वजाबाकी करतात. दोघांना वेगळे समजवावे लागते, म्हणून हे दोन्ही आकडे पर्यायांत हवेत. पुढचा उपप्रश्न भरपाईचा: काही तासांत पुन्हा सराव असेल तर उरलेल्या तुटीच्या १.२५ ते १.५ पट, म्हणजे १.२ किलोसाठी १.५ ते १.८ लिटर, थोडे थोडे करून आणि सोबत मीठ असलेले अन्न घेऊन. इथे १.७ लिटरला दीडपट करणारे बरेच जण भेटतात; त्यातले अर्धा लिटर पोटात आधीच गेले आहे, हे ते विसरतात.

भाषेच्या काही सवयी प्रत्येक प्रश्नात पाळाव्यात. एका प्रश्नात एकच गोष्ट विचारा. ‘नाही’ टाळा, टाळता येत नसेल तर ठळक छापा. ‘नेहमी’, ‘कधीच’, ‘फक्त’ हे शब्द असलेला पर्याय चूक असतो, हे परीक्षा दिलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. बरोबर पर्याय सगळ्यात लांब होऊ देऊ नका. ‘वरील सर्व’ लिहूच नका.

‘माहीत नाही’ हा पर्याय का हवाच

या एका पर्यायावर सगळ्या मोजणीचा उपयोग अवलंबून आहे. तो नसेल तर खेळाडू अंदाज लावतो आणि चुकलेल्या उत्तरामागे अज्ञान होते की गैरसमज, ते कायमचे झाकले जाते. वरच्या सूचनेत स्पष्ट लिहा: ‘अंदाजाने उत्तर देऊ नका. खात्री नसेल तर माहीत नाही हा पर्याय निवडा. त्याने तुमचे काही नुकसान होणार नाही.’

स्वभावाचा थोडा परिणाम राहतोच: सावध माणूस तो पर्याय जास्त वापरतो, आत्मविश्वासाचा कमी. त्यावर उपाय म्हणून दहा-बारा महत्त्वाच्या प्रश्नांखाली ‘नक्की / बहुतेक / अंदाज’ अशी एक ओळ द्या. सगळ्या ४० प्रश्नांखाली देऊ नका. वेळ फार वाढतो आणि विसाव्या प्रश्नानंतर खेळाडू न वाचताच खुणा करत जातात.

उत्तरतक्ता आणि त्यातले वाद

उत्तरे कोणत्या आधारावर ठरवली, ते प्रत्येक प्रश्नासमोर लिहून ठेवा. प्रमाणांसाठी २०१६ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन आणि अमेरिका-कॅनडाच्या आहारतज्ज्ञ संघटनांनी मिळून मांडलेली भूमिका चांगला पाया आहे. तिच्यातले नेहमी लागणारे आकडे असे: हलक्या सरावाच्या दिवशी कर्बोदके किलोमागे ३ ते ५ ग्रॅम, रोज तासभर मध्यम सराव असेल तर ५ ते ७, रोज एक ते तीन तासांच्या जोरकस सरावाला ६ ते १०. सलग एक ते अडीच तासांच्या खेळात ताशी ३० ते ६० ग्रॅम, त्याहून लांब खेळात ताशी ९० ग्रॅमपर्यंत. पुढचा सराव आठ तासांच्या आत असेल तर पहिले चार तास किलोमागे ताशी १ ते १.२ ग्रॅम. म्हणजे ६० किलोच्या खेळाडूला ताशी ६० ते ७२ ग्रॅम, जे साधारण २०० ते २५० ग्रॅम शिजवलेल्या भातातून मिळते.

जिथे मान्यवर मार्गदर्शकच एकमेकांशी सहमत नाहीत, तिथे सरसकट प्रश्न विचारू नका. ‘तहान लागण्याआधीच पाणी प्यावे’ हे त्याचे ठळक उदाहरण. उन्हात जोरकस खेळणाऱ्या आणि भरपूर घाम येणाऱ्या खेळाडूला ठरवून पिणे उपयोगी पडते. संथ गतीने कित्येक तास पळणारा मात्र तहानेपेक्षा खूप जास्त पाणी प्यायला तर रक्तातले सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते, म्हणून तिथे तहानेनुसार पिण्याचा सल्ला दिला जातो. असा प्रश्न एकतर प्रसंग बांधून विचारा, नाहीतर गाळा. ‘बरोबर’ म्हणून तुमच्या तक्त्यात एकच बाजू असेल तर जास्त वाचलेला खेळाडू चुकीचा ठरतो.

सप्लिमेंटच्या विभागात तीन गोष्टी विचारल्याच पाहिजेत. पहिली, कामगिरीवर परिणामाचा चांगला पुरावा मोजक्याच पदार्थांचा आहे: कॅफीन, क्रिएटीन, नायट्रेट, बीटा-अलानिन आणि सोडियम बायकार्बोनेट. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या २०१८ च्या निवेदनात हीच नावे आहेत. दुसरी, क्रिएटीन हे स्टेरॉइड नाही आणि प्रतिबंधित यादीत नाही. कॅफीनही २००४ पासून त्या यादीत नाही. तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची, नमुन्यात प्रतिबंधित पदार्थ सापडला तर तो डब्यातून नकळत आला असला तरी जबाबदारी खेळाडूचीच धरली जाते. तिसऱ्याचे चुकीचे उत्तर कारकीर्द संपवू शकते, म्हणून तो प्रश्न एकूण गुणांत बुडू न देता स्वतंत्र वाचा.

तितकाच जपून लिहायचा प्रश्न कमी खाण्याचा. ‘सराव वाढवल्यापासून एका धावपटूची मासिक पाळी तीन महिने आलेली नाही. याचा अर्थ काय?’ यात ‘सराव चांगला चालल्याचे लक्षण’ हा पर्याय जरूर ठेवा, कारण तसे मानणारे खेळाडू आणि प्रशिक्षक दोन्ही आहेत. बरोबर उत्तर: शरीराला ऊर्जा कमी पडत असण्याची शक्यता आहे, डॉक्टरांना दाखवायला हवे. स्वतःचे वजन किती, किती कमी करायचे आहे, असे प्रश्न मात्र ज्ञानचाचणीत घालू नका. खाण्याशी आधीच झगडणाऱ्या खेळाडूला त्याने इजा होते.

आधी तज्ज्ञ, मग खेळाडू

कच्ची प्रश्नावली क्रीडा आहारतज्ज्ञ, क्रीडावैद्यक डॉक्टर, अनुभवी प्रशिक्षक अशा सहा ते आठ जणांना द्या. प्रत्येक प्रश्नाला त्यांनी १ ते ४ गुण द्यायचे: १ म्हणजे विषयाशी संबंध नाही, ४ म्हणजे अगदी आवश्यक. ३ किंवा ४ देणाऱ्यांचे प्रमाण काढा. सहा किंवा जास्त तज्ज्ञ असतील तर ते ०.७८ च्या खाली नको. सात जणांपैकी सहा अनुकूल असले तर ०.८६, प्रश्न ठेवा. पाचच असले तर ०.७१, प्रश्न बदला. पाच किंवा कमी तज्ज्ञ असतील तर सगळ्यांचे एकमत लागते. तज्ज्ञांनी उत्तरतक्ता न पाहता प्रश्न स्वतः सोडवावेत, हेही सांगा. दोघांचे उत्तर तुमच्याशी जुळले नाही तर बहुधा प्रश्नच सदोष असतो.

मग आठ-दहा खेळाडू, एका वेळी एक. प्रश्न मोठ्याने वाचायचा, डोक्यात काय चालले आहे ते बोलत बोलत उत्तर द्यायचे. तुम्ही समजावू नका, फक्त टिपा. ‘कर्बोदके’ वाचून खेळाडू फक्त साखर समजतो, ‘सरावानंतर’ म्हणजे रात्रीचे जेवण समजतो, ‘ऊर्जा’ म्हणजे उत्साह समजतो. भाषांतरातून निसटलेल्या चुका इथे हाती लागतात. बरोबर उत्तर चुकीच्या कारणाने देणारे खेळाडूही इथेच दिसतात.

छोटी चाचणी आणि आकडेमोड

आता ज्यांच्यावर शेवटी चाचणी घ्यायची त्यांच्यासारख्याच ४० ते ५० जणांना ती द्या. प्रत्येक प्रश्नासाठी दोन आकडे काढा.

पहिला सोपेपणा: बरोबर उत्तर देणाऱ्यांचे प्रमाण. ४० पैकी २४ बरोबर असतील तर ०.६०. साधारण ०.२ ते ०.८ मधले प्रश्न ठेवावेत. ३८ जणांना येणारा प्रश्न कोणाला वेगळे करत नाही. अपवाद सुरक्षिततेच्या प्रश्नांचा. सगळ्यांना येत असले तरी ते राहू द्या, कारण ज्या दोघांना आले नाही ते कळणे महत्त्वाचे.

दुसरा भेददर्शकता: जास्त जाणणारे आणि कमी जाणणारे यांना प्रश्न किती वेगळे करतो. एकूण गुणांनुसार उतरता क्रम लावा, वरचे २७ टक्के आणि खालचे २७ टक्के घ्या. ४० जणांत ११-११. वरच्या ११ पैकी ९ बरोबर आणि खालच्या ११ पैकी ४ बरोबर असतील तर (९−४)÷११ = ०.४५, उत्तम. ०.२ च्या खाली आला तर प्रश्न पुन्हा वाचा. उणे आला तर आधी उत्तरतक्त्यातच चूक नाही ना, ते पाहा. बहुतेक वेळा तिथेच असते.

संपूर्ण प्रश्नावलीसाठी अंतर्गत सुसंगती, म्हणजे सगळे प्रश्न मिळून एकच गोष्ट कितपत मोजतात, ती काढा. बरोबर-चूक गुणांसाठी केआर-२० हे सूत्र आहे; ०.७ किंवा वर हवे. त्याच खेळाडूंना दोन ते तीन आठवड्यांनी तीच प्रश्नावली पुन्हा द्या. मधल्या काळात आहारावर काही शिकवायचे नाही. दोन्ही वेळच्या गुणांचा सहसंबंधही ०.७ च्या वर हवा. अंतर आठवड्याच्या आत असेल तर उत्तरे आठवतात, फार जास्त असेल तर ज्ञानच बदलते.

आणखी एक सोपी कसोटी: पोषणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना तीच प्रश्नावली द्या. त्यांचे गुण खेळाडूंपेक्षा स्पष्टपणे जास्त आले नाहीत तर तुमची प्रश्नावली पोषणज्ञान मोजतच नाही, आणखी काहीतरी मोजते.

चाचणीचा दिवस

थकवणाऱ्या सरावानंतर लगेच चाचणी घेऊ नका. ४० प्रश्नांना २५ मिनिटे धरा. मोबाइल बाजूला ठेवायला लावा. लिंक घरी पाठवून घेतलेल्या चाचणीत उत्तरे शोधून लिहिली जातात, आणि तसे झाल्याचे नंतर ओळखता येत नाही. ऑनलाइनच घ्यायची असेल तर सगळ्यांना एकत्र बसवून घ्या आणि पर्यायांचा क्रम बदलत ठेवा.

प्रशिक्षक खोलीत नसलेला बरा. संमती लेखी घ्या, अल्पवयीन असतील तर पालकांचीही. वैयक्तिक गुण कोणाला दिसणार, ते आधी सांगा आणि तो शब्द पाळा. सोबत वय, खेळ, किती वर्षे खेळतो आणि आहाराची माहिती कोठून मिळते, एवढे विचारा. शेवटचा प्रश्न फार कामाचा: चुकीची माहिती सहखेळाडूकडून येते की प्रशिक्षकाकडून की समाजमाध्यमांवरून, त्यावर कोणाला आधी शिकवायचे ते ठरते.

गुण वाचणे

बरोबर उत्तराला १, चूक आणि ‘माहीत नाही’ या दोन्हींना ०. पण तक्त्यात तीन स्वतंत्र रकाने ठेवा.

दोन खेळाडू घ्या, दोघांना ४० पैकी २० गुण. पहिलीची ४ उत्तरे चूक, १६ ‘माहीत नाही’. दुसरीची १८ चूक, २ ‘माहीत नाही’. टक्केवारी दोघींची ५०. पहिलीला माहिती द्यायची आहे. दोन-तीन नीट घेतलेल्या सत्रांत ती झपाट्याने पुढे जाईल. दुसरीची पक्की झालेली समजूत आधी हलवावी लागते. तिच्यासमोर नवी माहिती नुसती ठेवली तर ती जुन्या समजुतीच्या शेजारी जाऊन बसते आणि वेळ आली की जुनीच वापरली जाते. तिला तिचेच उत्तर समोर ठेवून ‘हे असे का वाटते?’ विचारावे लागते, वजन-पाण्याची मोजणी स्वतः करायला लावावी लागते. ‘नक्की’ वर खूण असलेले चुकीचे उत्तर सगळ्यात आधी हाताळा.

गटाचा अहवालही विभागवार आणि तीन रंगांत द्या: बरोबर, चूक, माहीत नाही. सप्लिमेंटच्या विभागात ‘चूक’ मोठा आणि सूक्ष्म अन्नघटकांत ‘माहीत नाही’ मोठा दिसला, तर दोन सत्रांची आखणी तिथेच अर्धी झाली.

एकेका खेळाडूच्या गुणांतला छोटा फरक मनावर घेऊ नका. गटाचे प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत त्याचे माप) ६ गुण आणि विश्वासार्हता ०.८४ असेल तर मोजमापाची चूक ६ × √(१−०.८४) = २.४ गुण. दोन वेळच्या गुणांतला फरक खरा मानायला तो १.९६ × √२ × २.४, म्हणजे जवळजवळ ७ गुणांचा हवा. २२ वरून २५ वर गेलेल्या खेळाडूचे कौतुक जरूर करा, पण त्याचे ज्ञान वाढले असा निष्कर्ष अहवालात लिहू नका.

ज्ञानापासून ताटापर्यंत

आहारज्ञान आणि प्रत्यक्ष खाणे यांच्यातला संबंध अभ्यासांत सहसा आढळतो, पण तो क्षीण असतो. म्हणून ज्ञानचाचणीच्या जोडीला तीन दिवसांची खाण्याची नोंद घ्या: दोन सरावाचे दिवस, एक विश्रांतीचा. लोक नोंदीत खरे खाण्यापेक्षा कमी लिहितात, हे धरून चाला आणि एकूण कॅलरींवर फार जोर देऊ नका. वेळा आणि पदार्थ पाहा. सरावानंतर काय खावे याचे उत्तर बरोबर, आणि नोंदीत सरावानंतर तीन तास काहीच नाही, अशी जोडी दिसली की आणखी शिकवण्यात अर्थ नाही. तिथे विचारायचे ते वेगळे: सरावानंतर अन्न हाताशी असते का, पैसे पुरतात का, प्रवासात वेळ जातो का, वजन वाढण्याची भीती आहे का, प्रशिक्षकाने काही बजावले आहे का.

कागदाऐवजी करून दाखवायची दोन कामेही द्या. एक, दोन पाकिटे हातात देऊन ‘सराव सुरू होण्याआधी अर्धा तास यातले कोणते घेशील?’ असे विचारा आणि तो लेबलवर कुठे पाहतो ते टिपा. बरेच जण १०० ग्रॅमचा आकडा आणि एका वाढपाचा आकडा यांत गोंधळ करतात. दुसरे, सकाळी दहाचा आणि दुपारी तीनचा असे दोन सामने देऊन त्या दिवसाचे खाणे-पिणे वेळेसह लिहायला लावा. चाचणीत ३० गुण मिळवणारा खेळाडू इथे अडला तर त्याचे ज्ञान सुटे सुटे आहे, एकत्र बांधायचे राहिले आहे.

पुन्हा मोजणी

शिकवून झाल्यावर त्याच दिवशी घेतलेली चाचणी फक्त ताजी स्मृती मोजते. एक मोजणी दोन-तीन आठवड्यांनी आणि दुसरी तीन महिन्यांनी ठेवा. तेच प्रश्न परत वापरायचे टाळायचे असेल तर सुरुवातीलाच प्रत्येक प्रश्नाचा जुळा भाऊ तयार करा: वजन ७० ऐवजी ५५ किलो, अंड्यांऐवजी दूध, घट १.२ ऐवजी ०.९ किलो. छोट्या चाचणीत दोन्ही जुळे घाला आणि सोपेपणा जवळपास सारखा आलेल्याच जोड्या ठेवा. शक्य असेल तर न शिकवलेला एक गटही सोबत मोजा, कारण नुसती चाचणी दिल्यानेही कुतूहल वाढून गुण थोडे चढतात.

उत्तरतक्ता वर्षातून एकदा उघडून बसा. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेची प्रतिबंधित यादी दर १ जानेवारीला नव्याने लागू होते, म्हणून सप्लिमेंटचे प्रश्न डिसेंबरमध्येच नव्या यादीशी ताडून घ्या आणि बदललेल्या प्रश्नासमोर बदलाची तारीख लिहा. त्या प्रश्नांचे जुने आणि नवे गुण एकत्र जोडू नका.